वठलेलं झाड पाडायचंय, काम कोणाला द्यायचं?

प्रश्न: आमच्या सोसायटीत पार्किंगला लागून जुना रेन ट्री आहे, दोन पावसाळे झाले पालवीच नाही, फांद्या गाड्यांवर पडतायत. एकजण म्हणतो मेलेलं झाड आहे, परमिशन कशाला, लाकूड मला द्या, स्वस्तात पाडून देतो. एक कंपनी मात्र त्याच्या तिप्पट सांगतेय. काय करू?
– एक सेक्रेटरी, ठाणे

उत्तर: परमिशन लागतेच हो. शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यात वठलेलं झाडही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला विचारूनच तोडायचं असतं. झाड मेलेलं किंवा धोकादायक आहे हे त्यांना पटलं तर ते परवानगी नाकारत नाहीत, त्यामुळे फोटो लावून सोसायटीच्या नावाने अर्ज टाका आणि परवानगीचं पत्र कामाच्या दिवशी जागेवर ठेवा.

आता पैशाचं. मेलेल्या झाडावर चढणं हे जिवंत झाडापेक्षा जास्त धोक्याचं, कारण ओली फांदी वाकते, चरचरते, माणसाला सावध व्हायला वेळ देते, वाळलेली मात्र कट्कन तुटते आणि दोर तिलाच बांधलेला असेल तर माणूस तिच्यासकट खाली येतो. स्वस्तवाला बहुतेक एका पोराला कोयता देऊन अनवाणी वर चढवणार. त्या पोराच्या जिवाची काळजी आपणच करायची, काम आपण देतोय ना.

चांगला माणूस व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून रेट सांगत नाही. तो येतो, बुंध्याला फेरी मारतो, खोड ठोकून पोकळ वाजतंय का ऐकतो, मुळाशी भूछत्रं आलीत का बघतो, क्रेन गेटमधून आत येईल का विचारतो. अशाला मग कामगारांचा विमा आणि कोणाची गाडी, भिंत फुटली तर त्याचा विमा, दोन्हीचे कागद मागा, तारखा स्वतः वाचा. झाड वरून तुकड्या-तुकड्याने दोराने उतरवणार की बुंध्यातून एकदम पाडणार, ओंडके कोण नेणार, बुंधा किती उंचीवर कापणार, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. यातलं काहीच द्यायला तयार नसेल तर तिप्पट रेटवाल्यालाही नाही म्हणा.

जवळून वायर जात असेल तर महावितरणला आधी लेखी कळवा, लाइन बंद झाल्याशिवाय करवत चालू करू देऊ नका. आणि हो, ढोलीत पोपटांची पिल्लं नाहीत ना तेही आधी बघून घ्या, असतील आणि झाड लगेच पडण्यासारखं नसेल तर खालच्या गाड्या हलवून पिल्लं उडेपर्यंत थांबा.