दाढेच्या कॅपचा खर्च

प्रश्न : खालच्या दाढेचं रूट कॅनल झालंय. कॅपसाठी चिपळूणला ४,००० सांगितले, रत्नागिरीत ११,०००. एवढा फरक का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी दोन्हीकडे कॅप कशाची ते विचारा. स्वस्त दर बहुधा आत धातू, वर सिरॅमिक अशा कॅपचा असतो. महाग दर झिरकोनियाचा, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकचा. धातूवरचं सिरॅमिक दाढेच्या दाबाने टवका उडून निघू शकतं. मागची दाढ हसताना दिसत नसेल तर पूर्ण धातूची कॅपही उत्तम. ती टिकते आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. हा पर्याय डॉक्टर आपणहून क्वचितच सुचवतात, तेव्हा तुम्हीच विचारा.

मग दरात काय धरलंय ते लिहून घ्या : एक्स-रे, माप, तात्पुरती कॅप, लॅबचा खर्च, बसवणं. दाढ फारच पोखरली असेल तर आधी पोस्ट आणि कोअर (मुळात बसवलेली काडी आणि तिच्यावरचा भराव, कॅपला आधार म्हणून) लागतो, त्याचे पैसे बहुधा वेगळे. वॉरंटी कार्ड असलं तरी ते सहसा कॅपपुरतंच. आतली दाढ किडली तर उपयोग नाही.

खेडच्या दंत महाविद्यालयातही दर विचारून या. पण पैशांसाठी महिनोन्‌महिने थांबू नका; रूट कॅनलची दाढ कॅपविना उभी चिरली तर बहुतेकदा काढावीच लागते. तोवर कुर्ल्यांच्या नांग्या त्या बाजूने फोडू नका.