तिथेच पुन्हा जा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. अभ्यासाचं, नोकरीचं, व्हिसाचं काही विचारलं नाहीस ते बरं केलंस, त्यातलं मला आता काडीचं कळत नाही. तू लिहिलंयस की लीड्समध्ये शनिवारी चित्रांच्या गॅलरीत जाते, डोंगरावर जाते, बरोबरच्या मुली 'वॉव' म्हणतात, मला मात्र आत काहीच होत नाही, आपण ढोंग करतोय असं वाटतं. वर बाबांनी कर्ज काढून पाठवलंय आणि आपण चैन करतोय ही टोचणी. आणि आता ईस्टरच्या सुट्टीत नऊ दिवसांत सात देशांची सहल, जावं की न जावं?

'होईल हळूहळू सवय' हे आईनं फोनवर सांगितलं असेलच. ते मी लिहीत नाही. मला एकच गोष्ट ठाऊक आहे: जिथे जाऊन आलीस, तिथेच पुन्हा जा. पुढचं सगळं पत्र एवढंच सांगण्यासाठी आहे, तेव्हा घाई असेल तर इथेच थांबलीस तरी चालेल.

च्यांग यी नावाचा एक चिनी माणूस होता. जन्म 1903 चा, यांगत्से नदीकाठच्या जिऊजियांग गावचा. शिकला रसायनशास्त्र, नोकरी केली जिल्ह्याच्या कारभाऱ्याची. तिथल्या राजकारणाला विटला आणि बायको आणि चार मुलांना मागे ठेवून 1933 साली लंडनला येऊन उतरला. इंग्रजी जेमतेम. पुढे प्राच्यविद्येच्या संस्थेत चिनी शिकवू लागला, पण सुट्टीच्या दिवशी काय करायचं? आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ त्याच्या आदल्याच वर्षी, 1932 ला निघालेलं. म्हणजे परक्या गावातल्या रविवारचं काय करायचं हा पेच तेव्हाही होता, आणि आपण त्यावर काढलेलं उत्तर म्हणजे गणपती, नाटक आणि बटाटेवडे. त्या उत्तराला माझी ना नाही. इथे इंग्लंडात, ब्रॅडफर्डातल्या कार्यक्रमांना वडे मीच तळलेत वर्षानुवर्षं. रस्त्यात कानावर पडलेले हिणवणारे शब्द तेवढा वेळ तरी विसरायला व्हायचे.

हा गृहस्थ मात्र बागांमधून हिंडत सुटला. त्याच त्या बागा. वसंतात, उन्हाळ्यात, पानगळीत, बर्फात, धुक्यात, पावसात, चांदण्यात. लंडनवर त्यानं लिहिलं ते असंच, ऋतू आणि हवा धरून. लोक राजवाड्याच्या पहाऱ्याची अदलाबदल बघायला गर्दी करतात, हा झाडाखाली उभा राहून पाऊस कसा पडतो ते बघत बसलाय. 1936 च्या उन्हाळ्यात दोन आठवडे उत्तर इंग्लंडातल्या सरोवर प्रदेशात, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमध्ये, काढले आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. मजकूर त्याचा, चित्रं त्याची, शाई आणि कुंचल्याची. त्यातलं डर्वेंटवॉटर सरोवराचं चित्र शोधून बघ. गुडघाभर पाण्यात गायी उभ्या आहेत आणि मागच्या डोंगरांत बरीचशी जागा कोरी सोडलीय. इंग्रजांनी ते बघितलं आणि म्हणाले, अरे, हे तर चीनसारखं दिसतंय!

पुढे 1960 मध्ये गोम्ब्रिख या कलेच्या इतिहासकारानं आपल्या पुस्तकात त्या गायींच्या चित्राशेजारी त्याच सरोवराचं 1826 चं एक इंग्रजी शिळाछाप चित्र ठेवलं. म्हणणं असं की चित्रकाराला जे रंगवता येतं तेच त्याला दिसतं. माझ्या पुतण्यानं मला हे ऐकवलं ते 'म्हणजे त्यानं खरं डर्वेंटवॉटर बघितलंच नाही' अशा थाटात. मी म्हटलं, मग त्या 1826 वाल्यानं तरी कुठे बघितलं? त्याच्या डोळ्यांवर त्याच्या गुरुजींचा चष्मा, याच्या डोळ्यांवर लहानपणच्या लुशान डोंगराचा. निदान याचा स्वतःचा होता.

तुझ्या डोळ्यांवर कुणाचा आहे? गॅलरीतल्या पाटीचा, नाहीतर रीलमधल्या मुलीचा. पहिल्या खेपेला कुणालाही दुसऱ्यानं सांगितलेलंच दिसतं. त्यात ढोंग नाही, तसंच असतं ते. तू पहिली खेप करतेस, काही झालं नाही म्हणून खट्टू होतेस आणि पुढच्या शनिवारी नवी जागा शोधतेस. म्हणजे पुन्हा पहिली खेप! दुसरी खेप कधी करणार?

मी इचलकरंजीचा, टेक्स्टाइलचा डिप्लोमा घेऊन इथल्या गिरणीच्या डायहाउसमध्ये, म्हणजे रंगवायच्या खात्यात, लागलो. पहिली काही वर्षं माझे सगळे फोटो कुठल्या ना कुठल्या गाडीशेजारी उभं राहून काढलेले. गाडी दुसऱ्याची असायची. मागे यॉर्कचं कॅथीड्रल असलं काय नि विटांची भिंत असली काय, घरी गाडी दिसली पाहिजे. मग गिरणी बंद पडली. चाळिशीचा माणूस, सकाळी घरात बसवेना, म्हणून कालव्याच्या काठानं सॉल्टेअरहून बिंगलीपर्यंत चालत जायचो. रोज. दुसरीकडे जायला पैसे नव्हते, हे खरं कारण. पण कारण काही का असेना.

बिंगलीला हा लीड्स-लिव्हरपूल कालवा पाच पायऱ्यांनी डोंगर चढतो. 1774 चं बांधकाम. पाणी कमी-जास्त करून नाव वर-खाली न्यायला एकाला एक लागून दारं असलेले पाच हौद, मिळून साठेक फुटांचा चढ. पूर्वी एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा पाटी वाचली, फोटो काढला, दहा मिनिटांत निघालो. रोज जायला लागल्यावर कुठे ध्यानात आलं की खालून नाव वर चढवायची तर सगळ्यात खालचा हौद रिकामा हवा आणि वरचे चारही भरलेले हवेत. मग एकेक वरचा हौद खालच्यात सोडत जायचा. हिशेब चुकला तर पाणी काठावरून वाहून जातं. दाराचा तो भला मोठा लाकडी दांडा हातानं कुणी ढकलत नाही, त्याला पाठ लावून, पाय मागे रेटत उलटं चालायचं. पाय रोवता यावेत म्हणून जमिनीत दगडाच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. आता हे कुणी मला सांगितलं असतं तर मी 'हो का' म्हणून विसरलो असतो. डायहाउसमध्ये आयुष्य गेलं माझं, कुठला हौद कधी भरायचा नि कधी सोडायचा यात. म्हणून ते मला दिसलं.

तसाच नदीचा रंग. डाउली गॅपला कालवा पुलावरून जातो आणि खालून एअर नदी. हीच नदी पुढे तुझ्या लीड्समधून जाते. वरच्या माळावर मोठा पाऊस झाला की पीटच्या, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या काळ्या मातीतून आलेलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, काठाशी लालसर, मध्ये जवळजवळ काळं. मी तिथे उभा राहून शेड जुळवायचो मनातल्या मनात: किती पिवळा, किती लाल, निळ्याचा नुसता थेंब. आणि दुसऱ्या दिवशी गेलं की शेड बदललेली! लॉटला लॉट जुळला नाही म्हणून ज्यानं साहेबाच्या शिव्या खाल्ल्यात त्यालाच यातली मजा कळेल.

तू कराडची. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते बघत मोठी झालीस. तुझे डोळे पाण्यावर तयार झालेत, आणि कुठल्या तरी सरदाराचं तेलरंगातलं पोर्ट्रेट बघून काही झालं नाही म्हणून तू रडतेस? लीड्सच्या स्टेशनामागे नदी आणि कालवा शेजारी शेजारी आहेत, तिथे गेली होतीस का? गेली असशील, कॉफी घेतली असशील. पुन्हा जा. कॉफी न घेता जा.

चैनीचं म्हणशील, तर 1938 साल बघ. त्या जुलैत जपान्यांनी जिऊजियांग घेतलं. त्याच वर्षी च्यांग यीचा थोरला भाऊ गेला. बायकोमुलं निर्वासित. आणि त्या वर्षाअखेरीस लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चीनमधून पांडा आणले, त्यात मिंग नावाचं एक पिल्लू. हा तिथे जाऊन त्याची चित्रं काढत बसायचा. घर पेटलेलं असताना पांडाची चित्रं! असं म्हणणारे तेव्हाही असतील. त्यानं दुसरं काय करायचं होतं, सांग. डोळे उघडे ठेवणं एवढं एकच त्याच्या हातात होतं. 1940 ला बॉम्बहल्ल्यात लंडनचं बिऱ्हाड गेलं, तेव्हा ऑक्सफर्डला साउथमूर रोडवर खोली घेतली आणि 1955 ला अमेरिकेला जाईपर्यंत तिथेच राहिला. मागे कालवा, पलीकडे पोर्ट मेडोचं कुरण. 2019 मध्ये त्या घरावर त्याच्या स्मृतीची निळी पाटी लागली. चीनची माती पुन्हा पायाला लागायला 1975 उजाडलं, आणि दोनच वर्षांनी तो बीजिंगमध्ये वारला. बाबांच्या कर्जाचं ओझं तुला आहे, मान्य. पण खोलीत पडदे ओढून बसल्यानं हप्ता कमी होत नाही.

त्याच्यावर आक्षेप असा की यानं इंग्रजांना गोड लागेल तेच लिहिलं, अपमान गिळले. थोडं खरं आहे. त्याचं वाचताना मलाही कधी कधी वाटतं, बाबा रे, एकदा तरी चिडून दाखव. पण फरक शोधणारे प्रवासी पैशाला पासरी मिळतात, तो सारखेपणा शोधत हिंडला. आणि सारखेपणा पहिल्या खेपेला कधीच दिसत नाही.

आता तू म्हणशील, काका, तुम्ही पॅरिस तरी पाहिलंय का? नाही पाहिलं. लंडनहून गाडीनं सव्वादोन तास. ही बहिणीबरोबर जाऊन आली, चारचौघांत अजून ऐकवते, आणि मुलगी म्हणते बाबांचा पासपोर्ट नुसता कपाटात झिजला. म्हणोत. बिंगलीचं पाणी मार्चमध्ये कसं आणि ऑक्टोबरात कसं, हे मला सांगता येतं. पॅरिस बघून आलेल्या किती जणांना सीन नदीचा रंग सांगता येईल? हिला विचारलं, तर म्हणाली, 'नदीसारखा.' आता यावर काय बोलायचं. हिच्याबरोबर जायला हवं होतं असं कधी रात्री वाटतं, नाही असं नाही. पण गेलो असतो तर मीच दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पुलावर जाऊ या म्हणून हट्ट धरला असता आणि भांडण झालं असतं, हेही तितकंच खरं.

असो. तुझ्यासाठी नेमकं सांगतो. कर्कस्टॉल ॲबे लीड्समध्येच आहे, बाराव्या शतकातला मठ, छप्पर उडालेला, नदीच्या काठी. ही तुझी जागा. बसच्या तिकिटात पोचशील. या महिन्यात दर रविवारी तिथेच जा, वेळ बदलून. पहिल्या दोन रविवारी कंटाळा येईल. येऊ दे. फोटो काढायचा तर तिसऱ्या रविवारी काढ. आणि मे महिन्यात हवा बरी झाली की ॲपलट्रीविक गावाजवळ पार्सेव्हल हॉल आहे तिथे घेऊन जाईन. यॉर्कशायर डेल्सवर, म्हणजे इथल्या खोऱ्यांवर, लिहिलं तेव्हा च्यांग यी तिथे उतरला होता. आपण दोन वेळा जाऊ, आधीच सांगून ठेवतो.

सहलीचं म्हणशील तर बुकिंग रद्द केल्यावर किती कापतात ते आधी विचार. निम्म्याहून जास्त कापत असतील तर जा बापडी, पैसे पाण्यात घालू नकोस. फक्त कुठल्या तरी एका शहरात सकाळी बाकीच्या झोपलेल्या असताना उठ आणि आदल्या दिवशी जे बघितलं तिथेच पुन्हा जा. एकटी. बस किती वाजता सुटते तेवढं मात्र रात्रीच विचारून ठेव.

तुझा,
काका