रक्ताच्या स्मिअरमध्ये काटेरी पेशी सापडल्या नाहीत, म्हणजे न्यूरोअ‍ॅकॅन्थोसायटोसिस नाहीच असं समजायचं का?

नाही, तसं समजू नका. न्यूरोअ‍ॅकॅन्थोसायटोसिस म्हणजे मेंदूवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार, ज्यात रक्तातल्या तांबड्या पेशींना काटे येऊ शकतात. तुम्ही लिहिलंय की चौतिशीतल्या भावाचे हातपाय आणि चेहरा आपोआप हलतात, जीभ-ओठ चावले जातात, दोनदा फिट आली. हंटिंग्टनची (अशाच हालचाली होणारा दुसरा आनुवंशिक आजार) टेस्ट निगेटिव्ह, स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) नॉर्मल, आणि त्यावर घरातल्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकलाय. धाकट्या बहिणीचीही तुम्हाला काळजी आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, माझा दिवस रक्ताच्या स्लाइड बघण्यात जातो. म्हणून औषधांबद्दल कमी आणि तपासण्यांबद्दल जास्त लिहितो.

या आजारातल्या काटेरी तांबड्या पेशीला, म्हणजे अ‍ॅकॅन्थोसाइटला, मोजकेच काटे असतात. कमीजास्त लांबीचे, वाटेल तिथून फुटलेले, सराट्यासारखे. नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये बराच वेळ पडून राहिला तर कुणाच्याही पेशींना कंगोरे येतात, पण ते एकसारखे आणि सारख्या अंतरावर असतात. घाईत हे दोन्ही एकच वाटू शकतात. आणि खरे काटे सुकवलेल्या नेहमीच्या स्मिअरवर निसटूही शकतात. त्यासाठी वेगळी पद्धत आहे: ताजं रक्त हेपरिन घातलेल्या सलाइनमध्ये निम्म्याने पातळ करायचं, तासभर ठेवायचं आणि ओलं असतानाच फेज-कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली बघायचं. रुटीनमध्ये हे कुणी करत नाही, आधी बोलून करून घ्यावं लागतं. एवढं करूनही काही रुग्णांत काटे सापडतच नाहीत, काहींत आजार बराच पुढे गेल्यावर दिसतात. स्मिअरवर काटे दिसले तर संशय बळावतो. न दिसल्याने तो मिटत नाही.

त्यापेक्षा जुन्या रिपोर्टांत सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) किती आहे ते बघा. या आजारात स्नायूंनाही झळ बसते, त्यामुळे बहुतेकांचं सीपीके वाढलेलं असतं. एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्सही वाढतात, आणि मग कित्येकांची वर्षानुवर्षं लिव्हरचीच तपासणी चालू राहते! हंटिंग्टनमध्ये सीपीके असं वाढत नाही. मेंदूच्या एमआरआयमध्ये मात्र दोन्हींत कॉडेट नावाचा भाग झिजलेला दिसतो, म्हणून त्यावरून फरक करता येत नाही.

भाऊ जेवतो कसा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी जवळून पाहिलेल्या एका रुग्णाची जीभ घास तोंडात गेला रे गेला की बाहेर येऊन तो ढकलून द्यायची. मग तो घास थेट दाढांपाशी ठेवायचा, ओठ बोटांनी मिटून धरायचा आणि मान मागे टाकून गिळायचा. बघणाऱ्याला ते नखरे वाटत. खाताना जीभ अशी आडवी येत असेल तर न्यूरोलॉजिस्टना आवर्जून सांगा, जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ दाखवा. माझ्या मते दहा रिपोर्टांपेक्षा तो व्हिडिओ जास्त बोलेल.

न्यूरोअ‍ॅकॅन्थोसायटोसिस या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. कोरिया-अ‍ॅकॅन्थोसायटोसिसमध्ये (कोरिया म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली) व्हीपीएस१३ए हे जनुक बिघडतं आणि कोरीन हे प्रथिन बनत नाही किंवा फारच कमी बनतं. हे जनुक २००१ साली सापडलं. ते बरंच मोठं आहे, ७३ एक्सॉनचं (एक्सॉन म्हणजे प्रथिन बनवण्याचा मजकूर असलेला जनुकाचा तुकडा), आणि त्यातला मोठा तुकडाच गळालेला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये तो सुटू शकतो. लॅबला डिलीशनही तपासायला सांगा. दुसरा मॅक्लिओड सिंड्रोम. यात एक्स गुणसूत्रावरचं एक्सके जनुक बिघडतं, त्यामुळे रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष. १९६१ मध्ये हार्वर्डच्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात केल या रक्तगटाचे अँटिजेन (तांबड्या पेशींवरच्या खुणा) फारच क्षीण आढळले. त्याचंच आडनाव आजाराला मिळालं.

मॅक्लिओड असेल तर दोन गोष्टी ताबडतोब कराव्या लागतात. ईसीजी आणि इको, कारण हृदयाचा स्नायू आणि ठोके बिघडू शकतात. आणि ब्लड बँकेला कळवणं. अशा माणसाला नेहमीचं रक्त चढवलं तर त्याच्या शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात, मग पुढच्या वेळी जुळणारं रक्त मिळणं महाकठीण. नेहमीच्या ए-बी-ओ आणि आरएच तपासणीत हे कळत नाही, केल अँटिजेनची तपासणी मुद्दाम सांगावी लागते. म्हणून निदान होईपर्यंत ठरवून करायची शस्त्रक्रिया शक्यतो पुढे ढकला.

आजार मुळातून बरा करणारं औषध आज नाही. हालचालींसाठी टेट्राबेनाझिन, जिभेसाठी काहींना बोटॉक्स, चावण्यासाठी माउथगार्ड, निवडक रुग्णांत डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवून उत्तेजन देणं). फिटच्या औषधाबाबत मात्र न्यूरोलॉजिस्टना संशयित निदान सांगूनच ठेवा, कारण कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिनने त्रास वाढल्याच्या नोंदी आहेत.

आता बहीण. व्हीपीएस१३एचा दोष असेल तर आई-वडील दोघंही वाहक, आणि तिला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. एक्सकेचा दोष आईकडून आला असेल तर बहीण वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. ती स्वतः बहुधा ठीक राहील, पण वाहक निघाली तर तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका. मात्र तिची टेस्ट आत्ताच करू नका. आधी भावाचा जेनेटिक रिपोर्ट येऊ दे, नाहीतर तिच्या रक्तात नेमकं काय शोधायचं हेच लॅबला माहीत नसेल. आणि टेस्ट करायची की नाही, हे जेनेटिक काउन्सेलरशी बोलून तिचं तिलाच ठरवू द्या.