चार वर्षांच्या मुलाला कवळी?

"एवढ्याशा पोराला कवळी लावली तर लोक काय म्हणतील? मोठा झाला की एकदम इम्प्लांटच बसवू ना," मुलाची आई म्हणाली. मूल चार वर्षांचं. वरच्या जबड्यात दोनच दात, तेही टोकदार. खाली एकही नाही. विरळ केस, पुढे आलेलं कपाळ, बसकं नाक, बाहेर वळलेले ओठ. एक्टोडर्मल डिसप्लेशियाचं, म्हणजे त्वचा, केस, दात, घामाच्या ग्रंथी नीट न घडण्याच्या जन्मजात आजाराचं, त्यातही घाम कमी येणाऱ्या प्रकाराचं, निदान झालेलं होतं.

बरेच पालक हेच विचारतात, आणि दंतवैद्य म्हणून मी सांगते, थांबू नका. दातांभोवतीचं हाड दातांच्या आधाराने वाढतं. दातच नसले की ते वाढत नाही, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड राहतो आणि लहान मूल वयस्कर दिसू लागतं. कवळीने हाड वाढणार नाही, पण ओठांना आधार मिळतो, चेहऱ्याची उंची सुधारते, घास चावता येतो, उच्चार सुधारतात. शाळेत जाण्याआधी हे झालं तर मुलाचं बरंच दुःख वाचतं, असं मला मनापासून वाटतं. मूल साथ देत असेल तर साधारण तिसऱ्या वर्षापासून कवळी बसवता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. टोकदार दात काढू नयेत. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून त्यांना आकार देता येतो आणि कवळीला पकडही मिळते.

इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्यात बसवलेला स्क्रू, मात्र हाडात घट्ट रुतून बसतो. जबडा वाढतो, तो जागचा हलत नाही, मग खोल गेल्यासारखा दिसतो. म्हणून तो सहसा वाढ पूर्ण झाल्यावरच. खालच्या जबड्याचा पुढचा भाग याला काही वेळा अपवाद ठरतो, पण तो निर्णय अनुभवी पथकाचा.

मग त्या आईने खरा प्रश्न विचारला, "माझ्यामुळेच झालं का हे?" तिचाही वरचा एक दात लहान, टोकदार होता. आजवर तिने त्याचा विचारच केला नव्हता. या आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए जनुकातल्या बदलामुळे होतो. आई वाहक असेल, म्हणजे तो बदल तिच्यात असेल आणि खुणा असल्या तरी बहुधा अशा सौम्य असतील, तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. काही वेळा बदल नव्यानेही होतो. कुणाच्या वागण्याने किंवा खाण्यापिण्याने तो होत नाही. जनुक तपासणीने नेमकं कळेल, आणि पुढच्या गरोदरपणाआधी ती करून घ्यावी, असं मी तिला सांगितलं.

घाम कमी येत असल्याने अंग थंड होत नाही, म्हणून उन्हात अंग तापलं तर ओला कपडा आणि सावली लगेच हवी, हे शाळेला लेखी कळवायला सांगितलं. कवळी सुरुवातीला खेळताना थोडाच वेळ घालायची, सवय झाली की जेवताना.