इंग्लंडमध्ये झाडीतून आणि नदीच्या खोऱ्यातून माउंटन बायकिंग करायचं तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिकायला ब्रिस्टलला येताय, पुण्यात सिंहगड-पानशेतच्या बाजूला सायकल चालवायची सवय आहे, आणि झाडी नि नदी दोन्ही मिळेल असा मार्ग हवाय. शिवाय एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, विमानातून आणावी का, हेही विचारलंय.

शेवटचं आधी सांगते. नका आणू. सुरुवातीला भाड्याने घ्या, मग जुनी एखादी विकत घ्या आणि ती खोलीत ठेवता येईल अशीच जागा बघा. माझी पहिली सायकल सहा महिन्यांत गेली. कुलूप मात्र खांबाला तसंच लटकत होतं.

मी मूळची कराडची, ब्रिस्टलमध्ये हे आठवं वर्ष. लोक तुम्हाला लेक डिस्ट्रिक्ट, पीक डिस्ट्रिक्ट वगैरे सांगतील. तिथे जरूर जा, पण विद्यार्थ्याच्या खिशाला आणि शनिवार-रविवारला झेपेल असं ठिकाण म्हणजे फॉरेस्ट ऑफ डीन आणि त्याच्या कुशीला लागून वाहणारी वाय नदी. ब्रिस्टलहून सेव्हर्न नदी ओलांडली की आलंच.

आणि येताय ती वेळ बघता नदी आधी करा, जंगल नंतर. त्याला कारण आहे.

वायच्या काठाने चेपस्टोजवळच्या सेडबरीपासून टिंटर्नपर्यंत वाय व्हॅली ग्रीनवे नावाची वाट आहे. १८७६ साली सुरू झालेल्या नि १९५९मध्ये प्रवासी गाड्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर ती २०२१ साली खुली झाली. मध्ये टिडनमचा बोगदा लागतो, एक किलोमीटरहून थोडा लांब. आत गार, ओलसर, आणि मधोमध पोचल्यावर दोन्हीकडचा उजेड नाण्याएवढा. पण या बोगद्यात वटवाघळं हिवाळा काढतात, म्हणून १ ऑक्टोबर ते ३१ मार्च तो बंद असतो. हे मला कसं कळलं? २०२२ साली २ ऑक्टोबरला रविवार होता. गांधी जयंती, आपल्याकडची सुट्टी, म्हणून तारीख लक्षात आहे. दिवे, डबा, मैत्रीण, सगळं घेऊन गेले आणि बंद फाटकासमोर बसून थालीपीठ खाऊन परत आले. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे. निघण्याआधी बोगदा उघडा आहे ना, तेही एकदा पाहून घ्या.

ब्रिस्टलहून गाडीत न बसता जायचं असेल तर जुन्या सेव्हर्न पुलावरून जा. १९६६चा हा झुलता पूल, त्यावर मोटारींच्या बाजूने सायकलींना वेगळी वाट आहे. वारा असा की हँडल सोडून नाक पुसायची सोय नाही. खाली पाणी आपल्या टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. भरती-ओहोटीतला फरक इथे १४ मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडून वर यावी तसं. पूल उतरलात की सेडबरी जवळच. टिंटर्नला लोखंडी पुलावरून नदी ओलांडली की तुम्ही वेल्समध्ये असता. तिथे ११३१ साली स्थापन झालेल्या मठाचे छप्पर नसलेले अवशेष आहेत. अर्धा तास सहज जातो.

खरं सांगायचं तर ग्रीनवे हे माउंटन बायकिंग नव्हे. सपाट खडीची वाट. पण खोरं कसं आहे, कडेचं जंगल कसं पाण्यापर्यंत उतरतं, हे कळायला याहून सोपा रस्ता नाही.

आता इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सह्याद्रीत पाऊलवाट दिसली की आपण सायकल घालतो. फार तर गुराखी विचारतो, कुठनं आला? इथे प्रत्येक वाटेला कायदा चिकटलेला असतो. फूटपाथ म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, शेतातून किंवा जंगलातून गेलेली असली तरी. सायकलींना हक्क मिळतो तो ब्रिडलवेवर, म्हणजे घोड्यांच्या वाटेवर, आणि तोही १९६८च्या कायद्याने, चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. खांबावर बारकी गोल चकती असते. पिवळा बाण फूटपाथ, निळा बाण ब्रिडलवे. नकाशा घ्याल तर ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल १४ घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. त्यावर हिरव्या तुटक रेषा आखूड असतील तर फूटपाथ, लांब असतील तर ब्रिडलवे. मोबाइलवर बाकीचे लोक कुठून गेलेत ते दिसतं, त्यांना जायची परवानगी होती की नाही ते दिसत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मी रेडब्रुकच्या पुढे नदीकाठाने अशाच एका सुरेख वाटेला लागले. मग एक फाटक आलं. तीन बाजूंनी कठडा आणि मध्ये झुलणारं छोटं दार. माणूस आत शिरतो, दार अंगावरून पलीकडे ढकलतो आणि बाहेर पडतो. सायकल त्यात मावत नाही. मी ती मागच्या चाकावर उभी केली, पेडल कठड्यात अडकलं, ना पुढे ना मागे. पलीकडून कुत्रं घेऊन एक आजोबा आले. त्यांनी पुढचं चाक धरलं, सायकल वरून अलगद काढून दिली, माझ्या हाताला लागलं का ते विचारलं, आणि मग शांतपणे म्हणाले की ही वाट सायकलींची नाही. आधी मदत, मग कानउघाडणी. तेव्हापासून असं फाटक किंवा कुंपणावरून चढायच्या लाकडी पायऱ्या दिसल्या की मी आधी चकती शोधते. ब्रिडलवेवर घोडा जाईल एवढं रुंद फाटक असतं. गुरं असतील तर ते आपल्यामागे लावून घ्यायचं.

या कटकटीतून सुटका म्हणजे जंगलात मुद्दाम सायकलींसाठी आखलेल्या ट्रेल्स. फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये कॅनॉपला जुन्या कोळशाच्या खाणीच्या जागेवर सायकल केंद्र आहे. तिथे भाड्याने एमटीबी, हेल्मेट सगळं मिळतं. अवघडपणा रंगाने दाखवतात: हिरवा, निळा, लाल, काळा. तुम्ही सिंहगडवाले, म्हणून थेट लालवर जाल, तसं करू नका. आधी निळी व्हर्डरर्स ट्रेल करा, ११ किलोमीटर. चढ आहे, पण दम काढणारा नाही. उतारावर बर्म, म्हणजे बाहेरच्या कडेला उंच केलेली वळणं, एकामागून एक अशी बांधलीत की ब्रेक सोडला तर सायकल आपसूक एका वळणातून दुसऱ्यात जाते. खडी दाबून केलेला पृष्ठभाग, त्यामुळे पावसातही चालते. लाल फ्रीमायनर्स साडेचार किलोमीटरच आहे, पण मुळांनी भरलेली. ओल्या मुळावर पुढचं चाक तिरकं गेलं की संपलं. आपल्याकडच्या मुरमाच्या सवयीने तिथे ब्रेक दाबलात तर आपटाल.

ट्रेल्सची नावं उगाच नाहीत. व्हर्डरर्स हे या जंगलाचे जुने राखणदार, आजही चौघे आहेत. फ्रीमायनर म्हणजे इथल्या हद्दीत जन्मलेला, २१ वर्षं पूर्ण झालेला आणि एक वर्ष एक दिवस खाणीत काम केलेला माणूस. त्याला स्वतःची खाण खोदायचा हक्क मिळतो. आणि ओक इतके का, तर ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याने १८०२मध्ये हे जंगल पाहून आरमाराला लाकूड पुरणार नाही म्हणून तक्रार केली होती. १८०८च्या कायद्यानंतर जोरात लागवड झाली. ती झाडं जहाजाच्या कामाची होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली! सावली आपल्याला मिळाली.

सिमंड्स याटहून मॉनमथकडे नदीकाठाने पेरेग्रिन पाथ आहे, सुमारे आठ किलोमीटर, सपाट. वाटेत बिब्लिन्सचा झुलता पूल लागतो, त्यावर सायकल ढकलत न्या. आई-बाबा भेटायला आले तर त्यांना तिथे न्या.

बारीकसारीक: जंगलात रानडुकरं आहेत. वाटेकडेचं गवत नांगरल्यासारखं उलटलेलं दिसलं तर ती त्यांचीच करामत. पट्टेरी पिल्लं दिसली तर थांबा, आई जवळपास असते. सप्टेंबरपासून शेतकरी कुंपणाची झाडं छाटतात, आणि काट्यांचा सडा रस्त्यावर पडतो. जादा ट्यूब दोन ठेवा. घरी आल्यावर पायांना गोचीड नाही ना, तेही बघा. एप्रिलअखेर मात्र एकदा जाच. जंगलाच्या तळाशी रानलसूण फुललेला असतो, आणि वळणावर चाकाखाली पानं चिरडली की स्वयंपाकघरात फोडणी पडल्यासारखा वास येतो. घरची आठवण काढायची असेल तर तयारीने जा.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हवा बरी असली तर कळवा. बोगद्यासाठी माझ्याकडे एक जादा दिवा आहे.