पुण्याजवळचं चिंचवड राहायला कसं आहे? तिथला इतिहास आणि सोयी काय आहेत?

तुम्हाला हिंजवडीत नोकरी लागली आहे, आई-वडील सोबत येणार आहेत आणि 'पुण्याबाहेरचं उपनगर' म्हणून चिंचवड चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं माहेर आणि सासर दोन्ही इथलंच, त्यामुळे सुरुवात 'उपनगर' या शब्दापासूनच करते. पुणं पसरत इथवर आलं आणि चिंचवड झालं, असं घडलेलं नाही. हे पवनेकाठचं जुनं गाव आहे. गणेशभक्त संत मोरया गोसावींनी इथे संजीवन समाधी घेतली. त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज यांना तुकोबांनी 'देव' म्हटलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं, अशी परंपरा सांगतात. आजही भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी इथून मोरगावला जाते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगच्या साथीतला जुलमी इंग्रज अधिकारी रँड याला गोळी घालणारे दामोदर चापेकर आणि त्यांचे भाऊ बाळकृष्ण व वासुदेव हेही याच गावचे. तिघेही फासावर गेले. गावातल्या मुख्य चौकाला त्यांचंच नाव आहे.

मग कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठच्या दशकात एमआयडीसीची औद्योगिक वसाहत, टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज. खानदेश, मराठवाडा, सोलापूरकडून माणसं कामाला आली आणि इथलीच झाली. माझे वडील त्यांतलेच. आमच्या घरातलं जेवण, झोप, पाहुण्यांचं येणं-जाणं, सगळं त्यांच्या कारखान्यातल्या पाळीवर ठरायचं. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडी-आकुर्डीकडचे आखीव रस्ते, मोठी झाडं आणि बागा दिसतात, ते सगळं प्राधिकरणाच्या आखणीमुळे. तो भाग आम्ही नुसता 'प्राधिकरण' म्हणूनच ओळखतो.

म्हणून घर बघताना एजंटला आधी विचारा, चिंचवड म्हणजे कुठलं? चिंचवडगाव वेगळं, चिंचवड स्टेशन वेगळं, आणि दोन्हींमध्ये बऱ्यापैकी अंतर आहे. आई-वडिलांसाठी मी गावाचा भाग सुचवेन. केशवनगर, तानाजीनगर इथून देऊळ, भाजी, दवाखाने, औषधांची दुकानं पायी जाण्याच्या टप्प्यात आहेत. नाटकाची आवड असेल तर रामकृष्ण मोरे नाट्यगृह आहेच. महापालिकेचं मोठं रुग्णालय म्हणजे पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, सगळे त्याला वायसीएम म्हणतात. प्राधिकरण जास्त शांत आहे, पण तिथे घेणार असाल तर कागद नीट वाचा. तिथले भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत, त्यामुळे हस्तांतरणाचे नियम वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

पुण्याला जायला (हो, आम्ही अजूनही 'पुण्याला जाते' असंच म्हणतो) १९७८ पासून लोणावळा लोकल आहे. पिंपरीहून मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२४ पासून थेट स्वारगेटपर्यंत जाते. पिंपरीच्या पुढे चिंचवड-निगडीचा टप्पा बांधला जातोय. तुमच्या हिंजवडीला मात्र यातलं काहीच जात नाही. डांगे चौक, वाकड असं रस्त्यानेच जावं लागेल आणि सकाळी तिथे गाड्या अक्षरशः मुंगीच्या गतीने सरकतात. घर पक्कं करण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला तो रस्ता स्वतः पार करून बघा.

आता पाण्याबद्दल, कारण सोयींच्या यादीत ते कुणी लिहीत नाही. २०१९ च्या अखेरीपासून शहरात दिवसाआड पाणी येतं. मावळातल्या पवना धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात. धरणातून थेट बंद जलवाहिनी टाकायला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. नळ सोडताना मला ते आठवतं. आमच्या घरी भाजी धुतलेलं पाणी झाडांनाच जातं आणि नव्या शेजाऱ्यांनाही मी ही हकीकत सांगतेच. सोसायटीत गेलात की टाकी किती लिटरची आहे आणि उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर येतात, हे वॉचमनला विचारा. तो बिल्डरपेक्षा खरं सांगेल.

आणि नदीजवळचं घर आवडलं तर पावसाळ्यात पुन्हा एकदा या. धरणातून विसर्ग वाढला की मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरतं. त्या दिवसांत नदीच्या घाटाकडच्या रस्त्याने फिरलात की पाणी कुठल्या इमारतीपर्यंत येतं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.