पीएफ मोडू नका, आणि भीतीपोटी परतही जाऊ नका

ताई, सलाम.

उत्तर आधी देतो, हिशेब मागून मांडतो. त्या हॉस्पिटलात परत जाऊ नका. पीएफला आत्ता हात लावू नका. सोन्याचं कर्ज आणखी काही महिने राहू द्या. तुमच्याकडे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ आहे.

तुमच्या पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात तुम्ही सहा वर्षं सात महिने काम केलंत. वरिष्ठ पेशंटसमोर ओरडायचे, विमा कंपनीने क्लेम नाकारला की तुमच्या पगारातून कापायचे, रात्री अकराला फोन करायचे. झोप उडाली, डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि एक दिवस नोटीस पूर्ण न करता तुम्ही राजीनामा देऊन बाहेर पडलात. आता तिथूनच फोन आला आहे : महिना ६,००० वाढवून देतो, परत या. दुसरा मार्ग तुम्ही सुचवता तो असा, की २,३०,००० चा पीएफ काढायचा, त्यातून दीड लाखाचं सोन्याचं कर्ज फेडायचं, नोटीसचे ३६,००० भरायचे आणि उरलेल्यात घर चालवायचं. वर चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र दाखवून सांगितलं, की कठोर धन्याच्याही अधीन राहायचं असतं, तुम्ही परीक्षेत हरलात.

पैशांआधी या शेवटच्या गोष्टीबद्दल बोलतो, कारण तुमच्या पत्रातला निम्मा घोर तिथला आहे. पेत्राने ते ज्यांना लिहिलं ते घरचे दास होते. राजीनामा द्यायची सोय त्यांना नव्हती. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिताना दासाला म्हणतो, मोकळं होता येत असेल तर हो. हाच पौल दिमिष्कात जिवावर बेतलं तेव्हा पाटीत बसून तटावरून खाली उतरला आणि निघून गेला. त्याला कोणी हरलेला म्हणत नाही. आणि सासऱ्याकडे, लाबानाकडे, वीस वर्षं राबलेल्या याकोबाची तक्रार आठवा : याने दहा वेळा माझं वेतन बदललं. देवाने त्याला, अजून सोस, असं सांगितलं नाही. आपल्या देशाला परत जा, मी तुझ्याबरोबर असेन, असं सांगितलं. ताई, तुम्ही चूक केलेली नाही.

आता तुमचे आकडे. घरखर्च भाड्यासकट ३२,०००, यजमानांचे स्कूल व्हॅनचे १८,०००. म्हणजे महिन्याला १४,००० कमी पडतात. सोन्याच्या कर्जाचं व्याज दहा टक्क्यांनी महिना १,२५० धरा. तूट झाली १५,२५०. बचत खातं आणि एफडी मिळून तुमच्याकडे २,४०,००० आहेत. त्यातले ६०,००० आजारपणासाठी बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. आरोग्य विम्याच्या हप्त्याला अंदाजे २४,००० ठेवा. उरले १,५६,०००. भागाकार करून पाहा : दहा महिने निघतात. पीएफला न शिवता, कुणापुढे हात न पसरता, दहा महिने.

तुमची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम, मी यात धरलेलीच नाही, आणि तुम्हीही पत्रात तिचा उल्लेख केलेला नाही. पाच वर्षांपुढे सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. तुमचा मूळ पगार १९,०००. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले, म्हणून सात वर्षं धरली जातील. १९,००० ला पंधराने गुणून सव्वीसने भागायचं आणि सातने गुणायचं : सुमारे ७६,७००, करमुक्त. म्हणजे आणखी पाच महिने. नोटीस भरली नाही म्हणून ती अडवता येत नाही. ती जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत आणि त्यात हे बसत नाही. तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासह. लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि टाळाटाळ झाली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

शेवटच्या महिन्याचा पगारही अडकला आहे असं तुम्ही लिहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करावं लागतं. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात फार पूर्वीच लिहून ठेवलं आहे, आणि रोखून धरलेली मजुरी ओरडते असं नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात आहे. आपल्या हक्काचं मागायला तुम्हाला संकोच वाटतो आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मागण्यात लोभ नाही.

नोटीसचे ३६,००० मात्र रोख नेऊन भरू नका. नेमणूकपत्रात काय अट आहे ते आधी वाचा : एक महिन्याचा मूळ पगार की पूर्ण पगार? बऱ्याच जागी मूळ पगारच असतो, मग ते १९,००० होतात. देणं निघत असेल तर शिल्लक रजा आणि अडकलेला पगार यांच्याशी वळतं करा असं ईमेलने कळवा, आणि अनुभवपत्र कोणत्या तारखेला मिळेल ते लेखी मागा. फोनवर काहीही कबूल करू नका. तुम्हाला फोनवरच घाबरवलं जातं.

पीएफबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमचा विचार अगदी चुकीचा नाही. पाच वर्षं उलटल्यामुळे कर लागणार नाही, आणि पीएफवर ८.२५ टक्के मिळत असताना सोन्यावर दहा टक्के भरणं तोट्याचंच आहे. पण तोटा किती? दीड लाखावर वर्षाला २,६२५, म्हणजे महिना सव्वादोनशेच्या आत. तेवढ्यासाठी म्हातारपणाची एकुलती एक पुंजी मोडायची नाही. नोकरी सुटली तरी त्या रकमेवर व्याज चालू राहतं. पेन्शनच्या भागाला तर मुळीच धक्का लावू नका : दहा वर्षं सेवा भरली की पेन्शनचा हक्क लागतो आणि तुमची साडेसहा भरली आहेत. नव्या नोकरीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, द्या, मागची वर्षं पुढे जोडली जातील. जुन्या मालकाने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः टाकू शकता. पाटल्यांचं कर्ज मुदतीच्या आत व्याज भरून नव्याने करून घ्या. ती तारीख चुकवू नका, लिलावाची नोटीस यायला नको.

सहा हजारांचं काय? वर्षाला ७२,००० म्हणजे तुमच्या घरात मोठी रक्कम आहे, ती मी हलकी मानत नाही. पण ती तोंडी आहे, आणि देणारा तोच, ज्याने तुमच्या पगारातून नाकारलेल्या क्लेमचे पैसे कापले. आज वाढवलेलं उद्या कापलं जाणार नाही याची हमी काय? डॉक्टर, गोळ्या, मुलीसमोर आलेलं रडू, हेही त्या ७२,००० तून वजा करा. कॅशलेस क्लेमची फाईल पहिल्या फेरीत मंजूर करून आणणारं माणूस पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही हॉस्पिटलला हवं असतं. विमा कंपन्या आणि त्यांच्या क्लेम हाताळणाऱ्या संस्थांनाही हवं असतं.

तरीही पहिला एक महिना कुठेही नोकरीसाठी अर्ज करू नका. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली निजला, मरण मागू लागला, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा निजू दिलं. वाटेचं बोलणं नंतर. तुमच्या त्या महिन्याची किंमत १५,२५० आहे आणि ती वरच्या हिशेबात धरलेली आहे, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. झोप येत नसेल तर १४४१६ वर फोन करा, सरकारी टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हॉस्पिटलचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपला, हे या आठवड्यातलं सगळ्यात तातडीचं काम. त्याच कंपनीला विचारा, की वैयक्तिक पॉलिसीत बदलून आधीचे प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायचा काळ) मोजून द्याल का. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा हप्त्यावर जीएसटी नाही. सासूबाई एकाहत्तरच्या आहेत, त्यांचं सत्तरीपुढचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा : उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत उपचार. त्यांच्या मधुमेहासाठी वेगळी महाग पॉलिसी घेण्याआधी हे करा.

राहिला दशांश, मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग. दर महिन्याचे ३,३०० थांबले म्हणून तुम्ही रडलात असं लिहिलंय. उत्पन्नच नाही त्याचा दहावा भाग कुठून येणार? माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे देणं मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नव्हे, हे पौलानेच लिहिलंय. देवाला वाहिलं म्हणून आईबापाला न देणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं तेही तुम्ही जाणता. पाटल्या गहाण आहेत, सासूबाईंची औषधं आहेत. दान म्हणून कर्जाऊ पैसा देऊ नका. नियमशास्त्रात तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (मंदिरसेवक), परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून होता. आज तुमच्या मंडळीचा मदतनिधी तुमच्या दारी आला तर तो घ्या. पाळकांना खरी परिस्थिती सांगा. कापणीच्या सणाला कुंडीतल्या मिरच्या नेल्यात तरी चालेल.

या आठवड्यात तीन कागद पाठवा : ग्रॅच्युइटीचा अर्ज, अडकलेल्या पगाराचं पत्र, विमा कंपनीला ईमेल. नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम मला कळवा. परत बोलावणाऱ्यांना उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं, तर एका ओळीत लेखी नकार द्या आणि रात्री नऊनंतर फोन बंद ठेवा.